चपला कोण सांभाळणार?

आपल्या खान्देशातल्या बाईला पाण्याचं मोल कुणी शिकवायला नको. नळ कितव्या दिवशी येणार, पिंपात किती उरलंय, गिरणेचं आवर्तन कधी सुटणार, हे तिला तोंडपाठ असतं. धुण्याचं पाणी झाडांना आणि डाळ-तांदळाचं धुवण जनावराला, असा तिचा हिशेब. अशा बाईला आपण म्हणतो, “चल गं, समुद्र बघायला जाऊ.” तिच्या डोळ्यांसमोर काय येतं? सिनेमाच्या गाण्यातला निळाशार परदेशी समुद्र, रंगीत छत्र्या, आरामखुर्च्या आणि त्यावर पहुडलेल्या गोऱ्या बायका. मग ती हसून म्हणते, “ते आपल्यासाठी थोडंच असतं!”

खरं तर समुद्राशी आपलं नातं फार जवळचं आहे. मध्य प्रदेशात मुलताईला उगम पावलेली तापी भुसावळवरून आपल्या दोन्ही जिल्ह्यांतून वाहते. जळगावची गिरणा आणि धुळ्याची पांझरा तिलाच जाऊन मिळतात. पुढे प्रकाशा ओलांडून, एकूण ७२४ किलोमीटरचा प्रवास करून ती सुरतजवळ समुद्राला मिळते. आपल्या दारावरून गेलेलं पाणी दरवर्षी समुद्राला पोचतं. आपण मात्र पन्नाशी-साठी गाठली तरी पोचत नाही.

आता हळूहळू चित्र बदलतंय. भिशीचे गट, महिला मंडळं, बचत गट सहली काढतात. अष्टविनायक आणि शिर्डी झाली की गणपतीपुळे येतं, अलिबाग येतं, गोवा येतं. मंडळाच्या कामानिमित्त अशा सहलींबरोबर मीही बऱ्याचदा गेले आहे. प्रत्येक किनाऱ्यावर मला एक दृश्य हमखास दिसतं. मुलं पाण्यात असतात, पुरुषमंडळी पाण्यात असतात, आणि कोरड्या वाळूवर एका रांगेत आपल्या बायका बसलेल्या असतात. एकीच्या मांडीवर सगळ्यांचे मोबाईल, दुसरीच्या पुढ्यात पंधरा जोड चपला. तिसरी टॉवेल घेऊन उभी, कारण नातू बाहेर आला की त्याला पुसायचंय. चौथी चिवड्याचा डबा उघडून बसलेली. तीनशे-चारशे किलोमीटर प्रवास करून ही बाई समुद्रावर आली ती चपला सांभाळायला!

का गं जात नाही पाण्यात, असं मी प्रत्येकीला विचारते. उत्तरं साधीच असतात, पण ऐकताना वाईट वाटतं. “साडी भिजली तर बदलायची कुठे?” “बाथरूम नाही ना इथे, सकाळपासून घोटभर पाणीसुद्धा प्यायले नाही.” “नेमकी पाळी आलीय.” “सासूबाई काय म्हणतील?” “सामानाजवळ कुणीतरी पाहिजे ना!” यातलं एकही उत्तर ‘मला आवडत नाही’ असं नाही, हे लक्षात घ्या. बाईला पाण्यात जायचं असतं. अडतं ते आडोशावर आणि सामानावर.

धुळ्याकडच्या एक साठी उलटलेल्या माय आमच्याबरोबर होत्या. समुद्र पहिल्यांदाच बघत होत्या. पहिलं वाक्य बोलल्या, “इतलं पानी कथाईन वनं वं माय!” त्यांनी आयुष्यभर डोक्यावर हंडा वाहिलेला. त्यांना आम्ही दोघींनी धरून घोटाभर पाण्यात नेलं. लाट आली, पायाखालची वाळू सरकली, तशा आधी घाबरल्या आणि मग अशा हसल्या की बस्स! त्यानंतर बाहेर यायला तयारच नव्हत्या. हा आनंद कुठल्याही फोटोत मिळत नाही. त्यासाठी पाय ओले व्हावे लागतात.

आता त्या परदेशी छत्र्यांबद्दल बोलू. भूमध्य समुद्राकाठची नीस, कान अशी फ्रान्समधली शहरं आज सुट्टीची गावं म्हणून जगभर प्रसिद्ध आहेत. पण तिथेही सुरुवातीला सगळ्यांना जागा नव्हतीच. श्रीमंत इंग्रज थंडी टाळायला हिवाळ्यात नीसला जाऊन राहायचे. समुद्राकाठचा तिथला प्रसिद्ध रस्ता आजही इंग्रजांच्याच नावाने ओळखला जातो. (नीसच्या किनाऱ्यावर वाळू नाही बरं का, गोटे आहेत!) गरिबाला तिथे जायला वेळ कुठला? १९३६ साली फ्रान्समध्ये कायदा झाला आणि कामगारांना वर्षाला दोन आठवड्यांची पगारी रजा मिळाली. रेल्वेने सवलतीची तिकिटं काढली आणि कितीतरी कामगार कुटुंबांनी आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहिला. म्हणजे बघा, कायदा झाला, रजा मिळाली, तेव्हा कुठे त्यांचे पाय पाण्याला लागले. आपल्या गृहिणीला अशी रजा कोण देणार? तिने ती स्वतःच घ्यायची असते.

कपड्यांचा प्रश्नही काही आपल्याच बाईपुढे आहे असं नाही. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये बायकांसाठी चाकांवरच्या लाकडी खोल्या असत. बाईने आत बसून कपडे बदलायचे, घोड्याने ती खोली पाण्यापर्यंत ओढून न्यायची, आणि मग मागच्या दाराने पाण्यात उतरायचं. कुणी बघायला नको ना! अगदी अलीकडे, २०१६ च्या उन्हाळ्यात, फ्रान्सच्या काही किनारी गावांनी याच्या उलट टोक गाठलं. अंगभर पोहण्याचा वेश घालणाऱ्या मुस्लिम बायकांना किनाऱ्यावर बंदी घातली. शेवटी तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने एका गावाची बंदी स्थगित केली आणि नागरिकांचं स्वातंत्र्य असं मोडता येणार नाही, हे बजावलं. एकीकडे अंग दिसलं म्हणून बोलणार, दुसरीकडे झाकलं म्हणून! तेव्हा मैत्रिणींनो, लोक बोलायचे ते बोलणारच. आपल्याला सोयीचा आणि पाण्यात सुरक्षित असेल तो कपडा आपला.

मग सोयीचा कपडा कोणता? साडी आपल्याला कितीही प्रिय असली तरी लाटांमध्ये ती पायांत गुंडाळते, भिजून जड होते आणि बाईला पाडते. जुना पंजाबी ड्रेस किंवा लेगिंगवर ढगळ कुर्ता उत्तम. ओढणी काढून ठेवायची. सुती कापड फार पाणी धरतं, त्यापेक्षा चटकन वाळणारं बरं. साडीच नेसायची असेल तर काठावर घोट्याइतक्या पाण्यात उभं राहण्यात काही कमीपणा नाही. आणि सोनं घरी ठेवूनच निघा. लाटेत गेलेली अंगठी किंवा तुटलेलं मंगळसूत्र परत सापडत नाही.

आडोशाला आमच्या मंडळाची एक युक्ती सांगते. दोन जुन्या गडद साड्या बरोबर घ्यायच्या. चौघींनी चार टोकं धरून पाठमोरं उभं राहायचं, की झाली कपडे बदलायची खोली! हसत-खिदळत एकेक जण आत जाते. पण बाथरूमचं काय? ते साडी धरून होत नाही. एका किनाऱ्यावर आम्हाला स्वच्छतागृह दिसलं, छान रंगवलेलं, पण दाराला कुलूप! किल्ली कुणाकडे, ते कुणालाच माहीत नाही. म्हणून सहल ठरवताना, खोली बुक करताना, पहिला प्रश्न हाच विचारा: किनाऱ्यावर बायकांचं स्वच्छतागृह आहे का, आणि ते उघडं असतं का? विचारायला लाजू नका. दहा सहलींनी विचारलं तर अकराव्या सहलीसाठी तरी कुणीतरी कुलूप काढून ठेवील.

या बाबतीत एक चांगली बातमी आहे. ‘ब्लू फ्लॅग’ म्हणजे निळा झेंडा हे नाव ऐकलंय का? १९८५ साली फ्रान्समध्ये ही कल्पना सुरू झाली आणि १९८७ पासून युरोपभर पसरली. स्पेनसारख्या देशात आज असे सहाशेहून जास्त किनारे आहेत. हा झेंडा मिळवायचा तर किनाऱ्याला परीक्षा द्यावी लागते. पाण्याची नियमित तपासणी, स्वच्छतागृहं, कपडे बदलायच्या खोल्या, जीवरक्षक, प्रथमोपचार, अपंगांसाठी वाट... असे तेहेतीसच्या आसपास निकष आहेत. भारतात २०२० मध्ये पहिल्या आठ किनाऱ्यांना हा झेंडा मिळाला. त्यात आपल्याला जवळचे म्हणजे गुजरातमधला द्वारकेजवळचा शिवराजपूर आणि दीवचा घोघला. आपल्या महाराष्ट्राला मात्र २०२५ पर्यंत वाट बघावी लागली. त्या वर्षी रायगडमधले श्रीवर्धन आणि नागाव, पालघर जिल्ह्यातला डहाणूचा पारनाका, आणि रत्नागिरीतले गुहागर व लाडघर अशा पाच किनाऱ्यांना हा मान मिळाला. हा झेंडा कायमचा नसतो, दर मोसमाला पुन्हा मिळवावा लागतो. म्हणून जाण्याआधी चौकशी करा. झेंड्याच्या गावी आणि बिनझेंड्याच्या गावीही, सोय नसेल तर ग्रामपंचायतीत जाऊन सांगा. आपण तिथे चार पैसे खर्च करतो, तेव्हा मागायचा हक्क आहे आपला.

आता सगळ्यात महत्त्वाचं. सिनेमातला तो निळा समुद्र आणि आपला समुद्र यांचा स्वभाव वेगळा आहे. भूमध्य समुद्र जवळजवळ चहूबाजूंनी जमिनीने वेढलेला. जिब्राल्टरजवळ मोठ्या महासागराला जोडणारी त्याची वाट सर्वांत अरुंद जागी जेमतेम १४ किलोमीटरची. त्यामुळे तिथे भरती-ओहोटी अगदी थोडी, बहुतेक ठिकाणी फूटभरच. सकाळी छत्री रोवली तिथेच ती संध्याकाळपर्यंत राहते. आपला अरबी समुद्र तसा नाही. मुंबईला साडेचार मीटरची भरती येणार, अशा बातम्या आपण दर पावसाळ्यात वाचतो. म्हणजे दुमजली घराच्या पहिल्या मजल्याला पाणी टेकेल इतका चढ! सकाळी जिथे चादर टाकली, तिथे दुपारी कमरेइतकं पाणी असू शकतं.

ही भरती कधी येणार ते कळायला फार शिकायला लागत नाही. भिंतीवरचं पंचांगाचं कॅलेंडर आपल्या प्रत्येकीच्या घरी असतंच. एकादशी, चतुर्थी, प्रदोष आपल्या बोटांवर असतात. कोकणात जुना हिशेब आहे, तिथीची पाऊणपट करायची. जो आकडा येईल, त्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती. अष्टमीला सहा वाजता. एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमेला आणि अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. शुक्ल पक्ष असो की कृष्ण पक्ष, हिशेब तोच. दिवसातून दोनदा भरती येते, आणि भरतीनंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. म्हणजे चतुर्थीला सकाळी नऊला ओहोटी, अष्टमीला भर दुपारी बाराला. हा ठोकळ हिशेब आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. शिवाय तो मुंबई-कोकणचा आहे, गुजरातेत वरती गेलं की वेळ पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास भरती सगळ्यात मोठी असते, म्हणून सहलीला ते दोन-तीन दिवस टाळलेलेच बरे. उपवासासाठी पाठ केलेल्या तिथ्या अशा कामाला येतात बघा!

एवढं कळलं तरी समुद्र आपल्या मर्जीने चालत नाही, हे विसरायचं नाही. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरुड-जंजिऱ्याजवळ पुण्याच्या एका महाविद्यालयाच्या सहलीतली मुलं-मुली बुडाली. त्या दिवसाची आठवण आजही अंगावर काटा आणते. तेव्हा काही नियम पक्के करा. पोहता येत नसेल तर गुडघ्याच्या वर पाणी जाऊ द्यायचं नाही. समुद्राकडे पाठ करून फोटो काढायचा नाही, लाट विचारून येत नाही. एकटीने उतरायचं नाही, एकमेकींचे हात धरून उभं राहायचं. ओहोटी लागलेली असताना पाणी आत ओढतं, तेव्हा तर फारच जपून. कधी कधी लाटांच्या मधूनच आत जाणारा पाण्याचा ओघ असतो. वरून तो पट्टा शांत दिसतो, पण तोच माणसाला ओढून नेतो. त्यात कुणी सापडलंच तर किनाऱ्याच्या दिशेने झटत दमायचं नाही. तरंगत राहायचं, हात वर करायचा, आणि पोहता येत असेल तर किनाऱ्याला समांतर बाजूला सरकायचं. कुणी बुडताना दिसलं तर स्वतः उडी न घेता जीवरक्षकाला हाक मारायची, दोरी, रिकामा कॅन, काहीही तरंगणारं फेकायचं.

गणपतीपुळ्याला देवळाच्या पुढ्यातच समुद्र आहे, पण तिथला किनारा धोक्याचा म्हणून ओळखला जातो. तिथे दर्शन घ्या, वाळूवर बसा, पाण्यात उतरायचा मोह नको. हरिहरेश्वरची खडकांवरची प्रदक्षिणा ओहोटीलाच करायची असते. लाटा उसळत असताना त्या वाटेने जाणं म्हणजे जिवाशी खेळ. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येतं, पण परत यायची वेळ विचारूनच पाऊल टाका. आणि कुठेही गेलात तरी गावातल्या कोळी बांधवांना, टपरीवरच्या ताईला एकदा विचारा, “आज इथे उतरायला हरकत नाही ना?” ती नको म्हणाली तर नको. पावसाळ्यात तर ती माणसंसुद्धा नावा किनाऱ्यावर ओढून ठेवतात आणि नारळी पौर्णिमेला दर्याची पूजा करून मगच पुन्हा निघतात. आपणही नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ धरावा.

जायचं कुठे? आपल्याला जवळचा समुद्र म्हणजे तापी जाते तोच. जळगाव-अमळनेर-नंदुरबार-सुरत हा रेल्वेमार्ग आपल्या सोयीचा. सुरतचा डुमस पाहण्यापुरता, तिथली वाळू काळी आणि भरती-ओहोटी फार मोठी. पुढे नवसारीजवळ दांडी आहे, वलसाडजवळ काळ्या वाळूचं तिथल आहे. दांडीला जरूर जा. ६ एप्रिल १९३० रोजी गांधीजींनी मूठभर मीठ उचललं ते इथे. त्या यात्रेत सुरुवातीला एकही बाई नव्हती! कमलादेवी चट्टोपाध्याय यांनी गांधीजींकडे बायकांना सत्याग्रहात घेण्याचा आग्रह धरला, आणि मग मुंबईच्या किनाऱ्यावर त्या आणि आपल्या अवंतिकाबाई गोखले मिठाचा कायदा मोडायला पुढे आल्या. बायका तेव्हा किनाऱ्यावर कुणाच्या चपला सांभाळायला गेल्या नव्हत्या.

कोकणात जायचं तर मुंबई किंवा पनवेलहून कोकण रेल्वे. गुहागरसाठी चिपळूणला उतरायचं, श्रीवर्धनसाठी माणगावला. अलिबागजवळच्या नागावला बसनेही सहज जाता येतं. कमीत कमी तीन दिवस तरी धरा, म्हणजे प्रवासातच सगळा जीव जात नाही.

पाळीचं काय, हा प्रश्न राहिला. तारीख ठरवताना बहुतेकींना सोयीची निवडा. आलीच तर काठावर पाय भिजवायला काहीच हरकत नाही, त्याने समुद्र विटाळत नाही. पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या मात्र मैत्रिणीच्या सांगण्यावरून घेऊ नका. रक्तदाब, मायग्रेन, पायात गुठळी झाल्याचा त्रास असेल तर त्या धोक्याच्या ठरू शकतात. डॉक्टरांना विचारा.

आणि घरचं? तीन दिवस दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि लोणचं पुरतं. कुकर लावायला घरातल्या पुरुषांचेही हात चालतात. भिशीतून दरमहा थोडे वेगळे काढले तर वर्षाने कुणापुढे हात पसरावा लागत नाही.

तर मैत्रिणींनो, पुढच्या भिशीला कॅलेंडर घेऊनच बसा. तिथी बघा, पाऊणपट करा, तारीख ठरवा. सामान सांभाळायच्या पाळ्याही त्याच कागदावर लिहा, अर्ध्या-अर्ध्या तासाच्या. त्या यादीत घरातल्या पुरुषांची आणि मोठ्या मुलांची नावंही टाका. आणि गटात ज्या बाईने अजून समुद्र पाहिला नाही, तिचं नाव त्या यादीत अजिबात घालू नका.